संगणकांची डागडुजी

संगणकाचे सारे व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तीत एखादी उणीव आढळली, की कंपनी दुरुस्ती धाडते. हिलाच अपडेट असे नाव आहे. घरच्या एका संगणकावर ती बसविणे सोपे. परंतु हजारो संगणक एका जाळ्यात जोडलेले असले, म्हणजे वाड्याची प्रत्येक खिडकी लावावी लागते.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील अशी एक उणीव बुजविणारी दुरुस्ती दिली. इंग्लंडमधील कित्येक सरकारी रुग्णालयांत ती बसविलीच गेली नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ ही घातक आज्ञावली त्याच वाटेने आत शिरली. तिने संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. रुग्णांच्या नोंदी दिसेनात. ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. दिरंगाई फार महागात पडली.

मग दुरुस्ती येताच ती सर्वत्र का बसवू नये? कारण तीही सदोष असू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. म्हणून जाणते व्यवस्थापक ती प्रथम थोड्या संगणकांवर बसवून पाहतात आणि दोष न आढळल्यास उरलेल्यांवर नेतात. यात किचकट काम एकच: कोपऱ्यात बंद राहिल्यामुळे दुरुस्तीला मुकलेला संगणक हुडकून काढणे.