अनुस्फुरण-सूक्ष्मदर्शन आणि वर्ध्यातील संशोधनाच्या वाटा

गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्याचे नाव देशभर झाले. परंतु रुग्णसेवा आणि रोगनिदान या क्षेत्रांतही याच जिल्ह्याच्या खात्यावर जी भरीव कामगिरी जमा आहे, तिची दखल वैद्यकवर्तुळाबाहेर क्वचितच घेतली जाते. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. १९५१ साली वर्ध्यास निघालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेत डॉ. वार्डेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची घडी बसविली, आणि डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेथील जमनालाल बजाज संशोधन केंद्रात पुढे हत्तीपाय व क्षय यांच्या निदानावर प्रदीर्घ काम झाले. अनुस्फुरण-सूक्ष्मदर्शनाचा विचार या वारशाच्या संदर्भातच करणे इष्ट होय.

काही द्रव्यांवर निळा वा जंबुपार प्रकाश पडला असता ती अधिक तरंगलांबीचा प्रकाश परत देतात, हे स्टोक्सने १८५२ साली दाखवून दिले. यालाच अनुस्फुरण म्हणतात, आणि या सूक्ष्मदर्शनात त्याचाच उपयोग होतो. क्षयाच्या तपासणीत थुंकीचा लेप काचपट्टीवर देऊन तो ऑरामीनने रंगवितात, आम्लमिश्रित अल्कोहोलने धुतात आणि पोटॅशियम परमँगनेटने पार्श्वभूमी काळवंडवितात. मेणचट आवरणामुळे रंग न सोडणारे क्षयजंतू तेवढे हिरवट-पिवळे चमकू लागतात. जुन्या झील-नील्सन पद्धतीत हजारपट वर्धन लागते. येथे दोनशे ते चारशेपट पुरते, साहजिकच एका नजरेत अधिक क्षेत्र येते आणि वेळ वाचतो. शेकडो तासांत निकामी होणाऱ्या पाऱ्याच्या दिव्याऐवजी हजारो तास टिकणारा एलईडी आला, अंधाऱ्या खोलीचीही गरज उरली नाही, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

तथापि प्रश्न मिटलेले नाहीत, आणि संशोधनाला वाव आहे तो नेमका तेथेच. ऑरामीनची चमक कालांतराने फिकी पडते, त्यामुळे फेरतपासणीसाठी वरिष्ठ प्रयोगशाळेत गेलेल्या काचपट्टीचा निकाल मूळ नोंदीशी ताडून पाहणे अवघड होते. चमक टिकविण्याचा स्वस्त उपाय शोधणे हे जिल्हा पातळीवर सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. कुष्ठजंतूची अडचण याहून बिकट. हॅन्सेनला तो १८७३ साली दिसला, पण कृत्रिम माध्यमात आजवर वाढविता आला नाही. म्हणून उपचारानंतर त्वचेच्या लेपात उरलेले जंतू जिवंत की मृत, हा प्रश्न रंगद्रव्यांच्याच आधारे सोडवावा लागतो. जिवंत पेशीत हिरवे चमकणारे एक द्रव्य आणि मृत पेशीत शिरून लाल दिसणारे दुसरे, अशी जोडी वापरून पाहण्यात आली. मात्र तिला सर्वमान्य कसोटीचे स्थान मिळालेले नाही.

ॲबेने, योगायोगाने त्याच १८७३ साली, घालून दिलेली प्रकाशीय मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शनासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पण त्या यंत्रांचा खर्च प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातला नाही, आणि वर्ध्याच्या प्रश्नांना त्यांची निकडही नाही. रुग्णांच्या गावापर्यंत पोहोचलेली सेवापरंपरा, जंतुशास्त्राची प्रयोगशाळा आणि रंगद्रव्यांचे रसायन जाणणारे अभ्यासक एकाच कामावर एकत्र आणले, तर कुष्ठजंतूच्या जिवंतपणाची कसोटी याच जिल्ह्यात सिद्ध होऊ शकेल. त्यासाठी अनुदानाच्या अर्जात प्रथम यंत्राची किंमत नव्हे, तर प्रश्न स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.