मोठा कोळी दिसला तर : थांबा, पाहा, ओळखा

पावसाळा सरता सरता फोर्ट विल्यमच्या, म्हणजे आताच्या विजय दुर्गच्या, जुन्या भिंती, झाडी आणि क्वार्टर्सच्या बागा यांत कोळी मोठे झालेले दिसतात. बदलीवर नव्याने आलेल्या घरात असा कोळी दिसला की पहिला हात झाडूकडे जातो. पण शत्रू कोण आणि मित्र कोण हे ओळखल्याशिवाय हल्ला करायचा नाही, हा नियम इथेही लागू आहे.

न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात रात्री भिंतीवर पसरलेला, तपकिरी, चपटा कोळी म्हणजे हंट्समन. पाय धरून तो तळहाताएवढा भरतो. शिकारीसाठी तो जाळे विणत नाही. धावून झुरळे पकडतो. पोटाखाली पांढरट चकती घेऊन फिरणारी मादी दिसली, तर ती तिची अंड्यांची पिशवी असते.

बागेत झुडपांमध्ये गोल जाळ्याच्या मधोमध, डोके खाली करून आणि पाय जोडीजोडीने पसरून फुलीसारखा बसलेला, पिवळ्या पट्ट्यांचा कोळी म्हणजे सिग्नेचर स्पायडर. जाळ्यावरची पांढरी नागमोडी नक्षी सहीसारखी दिसते, म्हणून हे नाव. ही नक्षी कीटकांना भुलवण्यासाठी की पक्ष्यांना जाळे दिसावे म्हणून, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. डिवचल्यास तो जाळे जोरजोरात हलवतो किंवा खाली उडी टाकतो. अंगावर येत नाही.

सुट्टीत सह्याद्रीकडे गेलात तर याहून मोठा जायंट वुड स्पायडर भेटेल. मादीचे नुसते शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर असते, नर मात्र अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. तिचे जाळे उन्हात सोनेरी चमकते.

हे विषारी आहेत का? जवळजवळ सर्वच कोळ्यांकडे विष असते, पण ते कीटकांपुरते. वर सांगितलेले कोळी माणसाला सहसा चावत नाहीत. कपड्यात किंवा बुटात दाबले गेले तर चावतात. तेव्हा थोडा वेळ दुखते, सूज येते. म्हणून बूट घालण्यापूर्वी झटकावेत. विंचवासाठीही हीच खबरदारी. जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या केसाळ टॅरँटुलाला मात्र हात लावू नये.

अंगावर पाण्याचे फोड उठले की आपल्याकडे ‘कोळी फिरला’ म्हणतात. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड ही बहुधा नागीण असते, आणि ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. कोळ्याला दोष देऊन घरगुती लेप लावत बसल्यास उपचाराचे महत्त्वाचे दिवस वाया जातात. पालकांनी मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

घरात कोळी नकोच असेल तर त्यावर पेला पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि त्याला बागेत सोडा.

कोळ्यांच्या अभ्यासात कोलकात्याचे स्थान मोठे आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ साली याच शहरात स्थापन झाली. तिथले बी. के. टिकादर यांनी कोलकाता परिसरातील कोळ्यांवर १९८१ मध्ये सहलेखकासह ग्रंथ लिहिला, आणि १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांचे हस्तपुस्तक. सैन्याशीही कोळ्यांचे नाते आहे: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नेमबाजीच्या दुर्बिणींतील बारीक रेषांसाठी ब्लॅक विडो कोळ्याचा धागा वापरला गेला.

आणखी एक नाते अभिमानाचे. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातील एका नव्या, इवल्याशा उडी मारणाऱ्या कोळ्याला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. हे नाव सातारा जिल्ह्यातले, आधी सैन्यात आणि मग मुंबई पोलिसांत सेवा केलेले तुकाराम ओंबळे यांचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कसाबची बंदूक घट्ट धरून, गोळ्या झेलत, त्यांनी त्याला जिवंत पकडून दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पुढच्या वेळी चप्पल उचलण्याआधी एवढे आठवावे.