डर्बीचा घोडा आणि तुडीलचा विंचू

आमच्या तुडीलला घोडा दिसतो तो एखाद्या लग्नाच्या वरातीत, आणि तोही बाहेरून भाड्याने आणलेला. शर्यत म्हटली की आमच्याकडे बैलगाडीची. त्यामुळे हॉस्टेलवर आल्यावर शेजारच्या रूममधला पुण्याचा मित्र 'डर्बी', 'जॉकी', 'स्टड फार्म' असं काहीबाही बोलायला लागला की मी नुसती मान हलवायचो. घोड्यांची शर्यत म्हणजे पैसेवाल्यांचा जुगार, आपला काय संबंध, असं माझं ठाम मत होतं. ते मत महाडमध्ये एका औषधाच्या खोक्यामुळे बदललं. त्याबद्दल नंतर सांगतो, आधी घोडा.

रेसकोर्सवर पळतो तो वाट्टेल तो घोडा नसतो. तो 'थरोब्रेड' या एकाच जातीचा असतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये तीन नर घोडे नेले गेले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आज जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची वंशावळ मागे मागे नेली तर ती या तिघांपैकी एकापाशी जाऊन थांबते. १७९१ साली 'जनरल स्टड बुक' नावाची नोंदवही छापली गेली आणि तेव्हापासून हा हिशेब लेखी ठेवला जातो. आपल्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा एवढी कुळी कोणी बघत नसेल!

आपलं भीमथडी तट्टू याच्या अगदी उलट. भीमा नदीच्या खोऱ्यातलं हे जनावर उंचीला कमी, पण चिवट, थोड्या चाऱ्यावर डोंगर चढणारं. मराठ्यांचं घोडदळ ज्याच्या पाठीवर दौडलं तो हा घोडा. थरोब्रेडला असली सगळी कामं जमत नाहीत. त्याला फक्त दोन-अडीच मिनिटं जीव तोडून पळायचं असतं.

ही अडीच मिनिटं म्हणजे डर्बी. मूळ डर्बी इंग्लंडात एप्सम इथे १७८० साली सुरू झाली. आपली इंडियन डर्बी १९४३ पासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावली जाते. अंतर २४०० मीटर आणि घोडे चार वर्षांचे. (गंमत म्हणजे घोडा प्रत्यक्षात कधीही जन्मलेला असो, त्याचं वय १ जानेवारीलाच वाढतं. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहायचे, तसंच!) पहिली डर्बी जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने. याच महाराजांचा 'सयाजीराव' नावाचा घोडा १९४७ साली इंग्लंडातली सेंट लेजर ही शर्यत जिंकला. गोऱ्यांच्या मैदानावर निवेदकाने 'सयाजीराव' हे नाव कसं उच्चारलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आता आपल्या विषयाकडे येऊ, म्हणजे मशीनकडे. २४०० मीटर सुमारे १५० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १६ मीटर, ताशी जवळजवळ ५८ किलोमीटर. एक ढेंग साधारण ७ मीटरची. म्हणजे सेकंदाला दोनाहून जास्त ढेंगा आणि चौखूर पळताना दर ढेंगेला एकच श्वास. वजन ४५०-५०० किलो. पळताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या अडीचपट असू शकतो. मनगटाएवढ्या हाडावर एक टनाहून जास्त! घोड्याचा पाय मोडला की सगळं संपलं असं का म्हणतात, ते मला हा आकडा वाचल्यावर कळलं.

सगळ्यात भारी भाग मात्र रक्ताचा. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३०-४० वेळा पडतं आणि शर्यतीत २२० च्या वर जातं. शिवाय घोड्याची प्लीहा हा एक राखीव टँक आहे. पळायला लागला की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. एरवी रक्तात ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं त्यांचं प्रमाण ६० च्या वर जातं. अमेरिकेच्या 'सेक्रेटरिएट'ने १९७३ साली बेलमाँट शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या फरकाने जिंकली. वेळ २ मिनिटं २४ सेकंद, आणि तो विक्रम अजून टिकून आहे. १९८९ मध्ये तो मेल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं हृदय अंदाजे १० किलोचं असावं असं सांगितलं. एरवी ते ४-५ किलोचं असतं.

या घोड्याचं रक्त आणखी एका कामाला येतं. घोडा मोठा, त्यामुळे रक्त भरपूर. त्याला विषाचा अगदी थोडा डोस टोचतात आणि हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग थोडं रक्त काढून त्यातला द्रव शुद्ध करतात आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला देता येतात. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन असंच बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांवर ते एकच चालतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव यात जुनं. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिनला जात. त्यातूनच 'हे आपणच का करू नये' म्हणून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. मित्राच्या डर्बीची आणि आमच्या गावची गाठ पडते ती इथे.

आमच्या भागात लाल विंचू. भाताचे भारे उचलताना, चिऱ्यांच्या गडग्यात हात घालताना डसतो. घामाने अंग भिजतं, हातपाय गार पडतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी माणसं, विशेषतः पोरं, याने जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी यावर वापरून दाखवली आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे महाडमध्येच त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली. नुसती प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, आणि प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिलेल्या ३५ पैकी ३२. हा अभ्यास २०११ मध्ये 'बीएमजे'त आला. ती लस घोड्याचीच.

माझ्या काकांना कापणीच्या दिवसांत विंचू डसला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. अर्धा तास मंत्र टाकण्यात गेला, त्याचा राग मला अजून आहे. मग जीप मिळाली. महाडला नर्स इंजेक्शन भरत होती आणि मी नुसता उभा राहून खोक्यावरची अक्षरं वाचत होतो. त्यात 'इक्वाइन' असा शब्द होता. मी विचारलं, तर म्हणाली, "घोड्याचं आहे. काहींना अ‍ॅलर्जी येते, म्हणून इथेच लक्ष ठेवून द्यावं लागतं." पहाटेपर्यंत काकांचे हातपाय गरम झाले.

सकाळी चहा पिताना त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शर्यतीतला होता काय रे घोडा?"

म्हटलं, "काका, तसं काही सांगता येत नाही. यासाठी तट्टं आणि खेचरंही वापरतात."

"असू दे," काका म्हणाले. "पण घरी सांगताना शर्यतीतलाच सांग."