दागिन्याच्या फोटोसाठी लेन्स कोणती घ्यावी?
ग्राहक आता फोटो पाहूनच माल मागवितो. अंगठीचा खडा किंवा जरीची वीण स्पष्ट दिसली नाही तर कारागिराची मेहनत वाया जाते. मॅक्रो लेन्स घेताना नुसत्या नावावर जाऊ नये; १:१ प्रमाण आहे का ते पाहावे. म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकाराइतकी उमटते. या प्रमाणात ६० मिलिमीटरची लेन्स मालाच्या बरीच जवळ न्यावी लागते आणि तिची सावली पडते. १०० मिलिमीटरची सुमारे १४ सेंटीमीटर जागा सोडते. दागिन्यांसाठी तीच बरी. भांडवल कमी असल्यास साध्या ५० मिलिमीटर लेन्समागे तेवढ्याच लांबीची एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. प्रमाण १:१ मिळते, पण उजेड घटतो आणि फार जवळ जावे लागते. कॅमेरा स्टँडवरच ठेवावा.