जाळीचे कपाट भंगारात देण्यापूर्वी

नव्याने सजविलेल्या घरात पाऊल ठेवताच येणारा वास आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ताजे प्लायवुड, चिकटद्रव्य आणि पॉलिश यांचा तो संमिश्र दर्प अनेकांना नवेपणाची शुभ खूणच वाटतो. कपाटाचे दार उघडले की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. पण ‘जाईल चार दिवसांत’ असे म्हणून आपण ते दार पुन्हा लावून टाकतो. आणि बहुधा त्याच आठवड्यात आजीच्या काळातले सागवानी कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेले असते. वाचकहो, या देवघेवीत आपण नेमके काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब आरोग्याच्या बाजूने एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, तर पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू, चिकटद्रव्याने एकत्र दाबून केलेले फळे. स्वस्त फळ्यांत हे चिकटद्रव्य बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड या जातीचे असते. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, थोडाथोडा बाहेर पडत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. म्हणजे मे महिन्यातली बंद खोली आणि कोकणातला पावसाळा, दोन्ही त्याला अनुकूलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले. तो निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत या वायूच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांवरून काढलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. वाचकांना घाबरविण्याचा हेतू नाही. घरात पहिली तक्रार येते ती डोळ्यांची, नाकाची, घशाची, आणि दम्याच्या रुग्णाची.

आता जुन्या सामानाकडे वळू. अस्सल सागवानाचे किंवा शिसवी लाकडाचे कपाट अखंड फळ्यांचे असते. सांध्यात खाच आणि जीभ बसविलेली. वर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश. त्या पॉलिशमधले स्पिरिट कित्येक दशकांपूर्वीच उडून गेलेले असते. लाखेच्या पॉलिशचा एक मोठा गुण असा, की ते खराब झाले तर सारे खरवडून काढावे लागत नाही. त्याच द्रवाचा बोळा पुन्हा फिरविला की नवा थर जुन्यात मिसळून जातो. आरामखुर्चीचा वेत फाटला तर तो नव्याने विणून घेता येतो, आणि हे काम शिकलेले अंध कारागीर अनेक शहरांत आहेत. पर्यावरणस्नेही हा शब्द हल्ली प्रत्येक दुकानाच्या पाटीवर दिसतो. ज्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही आणि जे दुरुस्त होऊ शकते, त्या सामानाला तो शब्द अधिक शोभतो, असे मला वाटते.

परंतु जुने ते सारे निर्धोक, असे मानणेही तितकेच चुकीचे. येथे स्वतःचाच अनुभव सांगते. आमच्याकडे आजीचे जाळीचे कपाट होते. दूध-दुभते त्यात ठेवायचे आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. कधीतरी कोणीतरी त्याला गडद हिरवा तैलरंग फासलेला. नातवाच्या पुस्तकांसाठी ते वापरावे असे ठरले, सुतार आले आणि गच्चीत नव्हे तर बैठकीच्या खोलीतच कोरड्या पॉलिशपेपरने घासू लागले. हिरवी धूळ जमिनीवर पसरत होती आणि दीड वर्षाचा नातू तिच्यातून रांगत माझ्याकडे येत होता. त्याला उचलून घेतले तेव्हा त्याचे दोन्ही तळवे हिरवे झालेले होते.

भीतीचे कारण होते शिसे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा गडद छटांत, शिसे पुष्कळ असू शकते. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने नातवाचे रक्त तपासून घेतले. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते आम्हालाच ठाऊक. सुदैवाने काळजीचे कारण निघाले नाही.

म्हणून आपणांस विनंती, की जुना रंग कधीही कोरडा घासू नका आणि ज्योतीने जाळून काढू नका. काम घराबाहेर, पृष्ठभाग ओला ठेवून करावे. करणाऱ्याने धूलिकण अडविणारा मास्क लावावा. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी दूर राहावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. कडा मुद्दाम घासून, रंगाचे पोपडे उडालेले दाखवून ‘जुनाट’ रूप देण्याची हल्ली हौस आहे. खऱ्या जुन्या रंगावर हा प्रयोग करू नये, मुलांच्या खोलीत तर नाहीच. रंगविलेला जुना पाळणा केवळ आठवण म्हणून ठेवावा, त्यात बाळ निजवू नये. त्याच्या गजांमधली फटही अनेकदा धोक्याइतकी रुंद असते.

बाजारातून जुने सामान घेताना सांध्यांत आणि वेताच्या विणीत ढेकूण नाहीत ना, बारीक छिद्रांतून ताजी पूड गळत नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे. गळत असेल तर लाकूड किडलेले आहे. सौदा सोडून द्यावा. उंच कपाट भिंतीला पक्के जखडावे, कारण मुले खणांवर पाय ठेवून चढतात.

नवे करणे भागच असेल, तर कमी उत्सर्जनाच्या, ‘ई-0’ किंवा ‘ई-1’ दर्जाच्या फळ्या मागाव्यात. सनमायका दर्शनी बाजूला लागतो. मागची बाजू आणि कापलेल्या कडा उघड्याच राहतात आणि वायू तेथून सुटतो. त्या कडा बंद करून घेण्याचा आग्रह धरावा. काम संपल्यावर कपाटांची दारे व खिडक्या उघड्या ठेवून निदान दोन-तीन आठवडे खोली मोकळी सोडावी, आणि बाळ येणार असेल तर ही सजावट बरीच आधी आटोपावी.

आमचे जाळीचे कपाट पुढे गच्चीत नेऊन, भिजवून, नीट खरवडले गेले. आत सागवान निघाले, मधाच्या रंगाचे. त्यावर आता लाखेचे पॉलिश आहे आणि आत नातवाची चित्रांची पुस्तके. पायांखालच्या वाट्या मात्र काढल्या. त्याने त्यातले पाणी दोनदा प्यायचा प्रयत्न केला.