उपवास आणि तहानलेल्यांचे पाणी

फाल्गुनाच्या सुमारास ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू असतो. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून त्याचा आरंभ होतो. भस्माचे मर्म आम्हां कीर्तनकारांस परके नाही. पण त्या दिवसांत वाचला जाणारा यशया संदेष्ट्याचा बोध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. भुकेल्यास घास न देता आणि गांजलेल्याचे जोखड न मोडता केलेला उपवास ईश्वरास रुचत नाही, असे तो सांगतो.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हा अर्थ आचरिला. ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक हरित वसईच्या आंदोलनात उतरले आणि विहिरी उपसून पाणी विकणाऱ्या टँकरवाल्यांपुढे उभे ठाकले. धर्मगुरूने रस्त्यावर यावे काय, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते, यावे.

भातसानगरी तर हा विषय दाराशीच आहे. येथील धरण मुंबईची तहान भागविते, आणि याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवरच्या माउल्या चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. रामेश्वरासाठी आणलेली काशीची कावड नाथांनी वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली. येत्या एकादशीस येथे आम्ही तेच आख्यान लावणार आहोत.