2004 : वाजपेयी सरकार नेमकं हरलं कुठे?

13 मे 2004 ला दुपारपर्यंत दिल्लीतल्या बहुतेक जाणकारांची भाकितं पालथी पडली होती. पाचच महिन्यांपूर्वी भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड अशी तीन राज्यं काँग्रेसकडून हिसकावून घेतली होती. त्याच जोरावर लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती झळकल्या, 'फील गुड' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. निकालात भाजप 182 वरून 138 वर उतरला आणि काँग्रेस 145 वर गेली.

तेव्हापासून या पराभवाची एक गोष्ट सांगितली जाते. चकचकीत जाहिराती पाहून खेड्यातला गरीब मतदार चिडला आणि शहरवाल्यांच्या सरकारला त्याने घरी बसवलं. गोष्ट सुटसुटीत आहे, कोणत्याही व्यासपीठावर खपते. आकडे मात्र तिला फारशी साथ देत नाहीत.

शायनिंगची चमक कुठे दिसायला हवी होती? मुंबईत. 1999 मध्ये मुंबईच्या सहापैकी पाच जागा शिवसेना-भाजपकडे होत्या. 2004 मध्ये उलटं झालं : पाच काँग्रेसकडे आणि दक्षिण-मध्य मुंबईची एकटी जागा शिवसेनेच्या मोहन रावलेंकडे. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी पडले. पेट्रोलियम मंत्री राम नाईक अभिनेता गोविंदाकडून हरले. भाजपचे किरीट सोमय्या आणि जयवंतीबेन मेहताही हरले. दिल्लीतही सातपैकी सहा जागा काँग्रेसने घेतल्या. शहरं खूश आणि गावं नाराज असं असतं, तर हे घडलंच नसतं.

आता विदर्भाकडे बघू. कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा तेव्हा देशभर होती. ग्रामीण संतापाचा फटका केंद्राला बसायचा तर तो इथे सर्वांत जोरात बसायला हवा होता. प्रत्यक्षात विदर्भातल्या 11 पैकी 10 जागा भाजप-शिवसेनेने जिंकल्या. काँग्रेसच्या हाती फक्त नागपूर लागलं, म्हणजे विदर्भातलं सर्वांत मोठं शहर! राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. वीज, सिंचनाचा अनुशेष, कापूस खरेदी या सगळ्याचा राग शेतकऱ्याने बहुधा त्यांच्याच नावावर मांडला. संपूर्ण राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी या वेळी एकत्र लढूनही 48 पैकी 25 जागा युतीकडेच राहिल्या.

इथेच दुसरा समज डळमळतो, तो म्हणजे देशभर एकच लाट होती हा. लोकसभेचं मतदान असलं तरी मतदाराने कित्येक ठिकाणी राज्य सरकारचा हिशेब चुकता केला. कर्नाटकात एस. एम. कृष्णांचं काँग्रेस सरकार होतं. तिथे भाजपला 28 पैकी 18 जागा मिळाल्या. पंजाबात अमरिंदर सिंग मुख्यमंत्री असताना 13 पैकी 11 जागा अकाली-भाजपने घेतल्या. केरळात काँग्रेसचा एकही खासदार निवडून आला नाही आणि काही महिन्यांत मुख्यमंत्री ए. के. अँटनी पायउतार झाले. डिसेंबरात नव्याने आलेल्या भाजप सरकारांना मात्र मतदाराने सूट दिली : मध्य प्रदेशात 29 पैकी 25, राजस्थानात 25 पैकी 21, छत्तीसगडमध्ये 11 पैकी 10.

तरीही 'सत्ताधाऱ्याला पाडायचंच' असा काही नियम यातून निघत नाही. ओडिशात नवीन पटनाईक सत्तेत होते आणि भाजपसोबत त्यांनी 21 पैकी 18 जागा राखल्या.

मग सरकार पडलं कुठे? आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या दोन राज्यांत वाजपेयींच्या आघाडीकडे 1999 मध्ये मिळून 62 जागा होत्या. 2004 मध्ये उरल्या पाच. आघाडीच्या एकूण नुकसानातला जवळपास निम्मा वाटा एवढ्याच मुलखातला.

दोन्हीकडची कारणं वेगळी. आंध्रात राग खरा होता. चंद्राबाबू नायडूंचं हैदराबाद संगणकामुळे जगाला माहीत झालं होतं, पण तेलंगण आणि रायलसीमेत लागोपाठचे दुष्काळ, आटलेल्या विहिरी आणि वाढलेली वीजबिलं होती. 2003 च्या भर उन्हाळ्यात काँग्रेसचे वाय. एस. राजशेखर रेड्डी सुमारे 1,500 किलोमीटर पायी फिरले आणि शेतीपंपाला मोफत विजेचं वचन देत गेले. लोकसभेसोबतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत नायडूंच्या तेलुगू देसमच्या 47 जागा उरल्या. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्यावर रेड्डींनी पहिली सही मोफत विजेच्या फाइलवर केली. ग्रामीण बंडाची ती प्रसिद्ध गोष्ट बरीचशी आंध्रातून उचललेली आहे. चूक एवढीच, की ती सगळ्या देशाला चिकटवली गेली.

तमिळनाडूत मात्र सरळ बेरीज-वजाबाकी होती. द्रमुक डिसेंबर 2003 मध्ये आघाडीतून बाहेर पडला, भाजपने जयललितांचा हात धरला, आणि करुणानिधींनी काँग्रेस, डावे, पीएमके, एमडीएमके अशी मोट बांधून 39 च्या 39 जागा नेल्या. बिहारमध्येही तेच. गुजरातच्या दंगलींनंतर 2002 मध्ये रामविलास पासवान मंत्रिपद सोडून गेले होते. सोनिया गांधी 10 जनपथवरून शेजारच्या पासवानांच्या बंगल्यापर्यंत चालत गेल्या, त्या काही पावलांची चर्चा नंतर बरेच दिवस चालली. लालूप्रसाद, पासवान आणि काँग्रेस यांना मिळून 40 पैकी 29 जागा मिळाल्या.

जनतेने काँग्रेसला भरभरून कौल दिला, हाही समज टिकत नाही. काँग्रेसची मतं 1999 च्या 28.3 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर घसरली होती. भाजपची 23.8 वरून 22.2 वर. म्हणजे मतं दोघांचीही घटली, पण काँग्रेसच्या जागा 31 ने वाढल्या. कमी जागा लढवून मित्रांना वाटा दिल्याचं ते फळ. 1998 च्या पचमढी शिबिरात आघाड्यांना नाक मुरडणाऱ्या पक्षाने 2003 मध्ये सिमल्याच्या शिबिरात भूमिका बदलली होती. हरलेल्या पक्षाने शिकलेला खरा धडा शोधायचा तर तो हा आहे, आणि तो काँग्रेसचा आहे.

भाजपमध्ये मात्र ज्याला जो धडा आवडला तो त्याने उचलला. संघ परिवारातल्या अनेकांना वाटलं, हिंदुत्व सोडल्याची ही शिक्षा. वाजपेयींनी जूनमध्ये मनालीला गुजरातच्या दंगलींचा परिणाम झाल्याचं बोलून दाखवलं. त्याच महिन्यात मुंबईच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत तो विषय मिटवण्यात आला. अडवाणींनी पुढे घोषणांची निवड चुकल्याचं मान्य केलं. जाहिरातीवर खापर फोडणं कुणालाच जड जात नाही, जाहिरात कुठे उलट उत्तर द्यायला येते!

मित्र का गेले, या प्रश्नाला त्या मानाने कमी वेळ मिळाला. तेलुगू देसमने लवकरच फारकत घेतली. 2009 च्या तोंडावर नवीन पटनाईकही बाहेर पडले. दरम्यान काँग्रेसच्या सरकारने महाराष्ट्राच्या जुन्या रोजगार हमी योजनेची कल्पना देशपातळीवर कायद्यात आणली आणि 2008 मध्ये शेतकऱ्यांची कर्जमाफी केली. 2009 च्या निवडणुकीत काँग्रेस 206 वर गेली आणि भाजप 116 वर आला. आंध्र आणि तमिळनाडूत भाजपची पाटी कोरीच राहिली. तेलुगू देसमशी पुन्हा जमायला 2014 चा एप्रिल उजाडला. त्या वेळी अखंड आंध्रातून या जोडीचे 42 पैकी 19 खासदार निवडून आले.